मापाचा कागद कशात लिहावा?
व्यापारी व कारागीर बांधवांसाठी एडिटरच्या निवडीचा प्रश्न

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाविषयी नाही, ती देण्याघेण्याच्या लिखापढीविषयी आहे. सूरह बकरामधील २८२ क्रमांकाच्या या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची ताकीद आहे. आपले बुजुर्ग म्हणूनच दुकानात गल्ल्याइतकीच जागा वहीला देत असत. आता वहीची जागा संगणकाने घेतली आहे. हिशेबासाठी तयार सॉफ्टवेअर मिळते आणि त्याची माहिती आपल्या बाजारातील बहुतेक दुकानदारांना आहे. परंतु हिशेबाव्यतिरिक्त जो कागद आपल्याला लिहावा लागतो, म्हणजे कापडाचा तपशील, मापाचा तक्ता, दरपत्रक, कारागिरासाठी सूचना, तो कशात लिहावा याचा विचार अजून फारसा झालेला नाही. या लेखात आम्ही त्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

हा विषय आत्ताच मांडण्याचे कारण आहे. सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या गणवेशाची खरेदी राज्य पातळीवरून एकगठ्ठा करण्याचा प्रयोग २०२४-२५ मध्ये झाला. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो मागे घेतला आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. याचा अर्थ असा की बीड, गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, केज, धारूर येथील कापड दुकानदार आणि शिलाई कारागीर यांना हे काम आपल्याच तालुक्यात मिळू शकते. पण समितीसमोर जाताना तोंडी भाव सांगून भागत नाही. कापडात पॉलिएस्टर किती आणि सूत किती, पन्हा किती, वजन किती, धुतल्यावर आटते किती, कोणत्या इयत्तेला किती मीटर लागेल, हे सर्व कागदावर स्वच्छ लिहून द्यावे लागते. ज्याचा कागद स्पष्ट, त्याच्यावर समितीचा भरवसा बसतो. चांगला माल ठेवणारा दुकानदार कागद नीट नसल्यामुळे मागे पडतो, असे अनेकदा घडते.

तांत्रिक कागद म्हणजे काय?

साधे पत्र आणि तांत्रिक कागद यांत फरक आहे. पत्रात एखादा शब्द इकडेतिकडे झाला तरी मतलब समजतो. तांत्रिक कागदात एक आकडा सरकला की नुकसान होते. उदाहरण आपल्याच धंद्यातले घेऊ. ताण्याला ६० नंबर आणि बाण्याला ६० नंबर सूत, इंचाला ९२ उभ्या तारा आणि ८८ आडव्या तारा, असे सुती कापड भिवंडी-मालेगावच्या बाजारात नेहमीचे आहे. त्याचे दर चौरस मीटर वजन काढण्याची रीत अशी : उभ्या तारांना ताण्याच्या नंबराने भागावे, आडव्या तारांना बाण्याच्या नंबराने भागावे, दोन्हींची बेरीज करावी आणि तिला २३.२५ ने गुणावे. येथे बेरीज बरोबर ३ येते आणि वजन सुमारे ७० ग्रॅम निघते. विणताना धागा वळसे घेत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे अधिक भरते. आता कोणी ७० ग्रॅमचे कापड दाखवून कागदावर ९० ग्रॅम लिहीत असेल, तर हे गणित जाणणारा त्याला जागीच पकडील.

अशी रीत कागदावर लिहायची म्हणजे अपूर्णांक, कंस, गुणिले-भागिले यांची मांडणी आली. इयत्तेप्रमाणे मुलगा आणि मुलगी मिळून सोळा ओळींचा तक्ता आला, त्यात ३६ इंची पन्ह्याचा एक रकाना आणि ५८ इंची पन्ह्याचा दुसरा. खाली टीप आली, ‘तक्ता क्रमांक २ पाहा’ असा निर्देश आला. मजकूर मराठीत, दुकानाचे नाव उर्दूतही हवे, आणि जीएसटीचे कोड इंग्रजी आकड्यांत. एवढ्या सगळ्याची अक्षरजुळणी नीट करणे हे गंमतीचे काम नाही. याच कामाला लागणारे हत्यार म्हणजे एडिटर. येथे एडिटर म्हणजे या साप्ताहिकाचे संपादक नव्हेत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण मजकूर टाइप करतो, दुरुस्त करतो आणि साठवतो, ते सॉफ्टवेअर.

कातिबापासून ऑपरेटरपर्यंत

आमच्या पिढीने उर्दू माध्यमात शिकताना कातिबाच्या हातची पुस्तके वाचली. नस्तालीक लिपीचे वळण असे आहे की तिला लोखंडी टाइपात बसविणे अतिशय कठीण गेले. म्हणून उर्दू छपाई दीर्घकाळ शिळाछापावर चालली, कातिब लिहीत असे आणि तेच छापले जात असे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तेथील भाषांतर खात्याने विज्ञान, वैद्यक व अन्य विषयांची पुस्तके उर्दूत आणली. बीड जिल्हा त्या वेळी त्याच राज्यात होता. म्हणजे तांत्रिक विषय आपल्या भाषेत लिहिता येत नाही, ही समजूत आपल्या भागाने शंभर वर्षांपूर्वीच खोटी ठरविलेली आहे.

पुढे १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून नूरी नस्तालीक हा संगणकी टाइप तयार झाला. १९९० च्या दशकात दिल्लीहून इनपेज आले आणि उर्दू वर्तमानपत्रांचे कातिब एकेक करून उठले. चेन्नईत १९२७ साली निघालेले ‘द मुसलमान’ हे दैनिक मात्र संगणकाच्या युगातही हाताने लिहिले जात राहिले. मराठीकडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची साधने, आकृती, कृतिदेव असे फाँट आले. छापखान्यात ऑपरेटर बसला. दुकानदाराने हाताने लिहिलेला कागद त्याला द्यायचा, त्याने पेजमेकरमध्ये जुळवायचा, अशी पद्धत पडली.

या पद्धतीने काम झाले, परंतु एक मोठी खोट तिच्यात राहिली. त्या जुन्या फाँटांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसविलेली होती. फाँट असेल तोवर पडद्यावर मराठी दिसते. फाँट गेला, संगणक बदलला, की त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसू लागतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती सातवी, तीही या शतकाच्या आरंभीची. तिला युनिकोड समजत नाही. आमच्या बाजारातील कितीतरी दुकानांचे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे दरपत्रक, मापाचे तक्ते, पावत्यांचे नमुने अशा फाइलींत अडकून पडले आहेत. ऑपरेटर गाव सोडून गेला किंवा छापखान्याचा संगणक बिघडला, की दुकानदाराला पहिल्यापासून सर्व टाइप करून घ्यावे लागते आणि त्याचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. स्वतःच्या धंद्याची माहिती स्वतःच्या ताब्यात नसणे, हे व्यापाऱ्याला परवडणारे नाही.

याउलट दुसरे चित्र पाहा. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला आणि जुने कागद वाचले गेले. शाईने लिहिलेला कित्येक दशकांपूर्वीचा कागद, लिपी येणारा माणूस मिळाला की वाचता येतो. आणि १९९८ सालची फाइल, मराठी उत्तम येणाऱ्या माणसालाही उघडत नाही. एडिटर निवडताना ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी, असे आमचे मत आहे.

पहिली अट युनिकोडची

मग करावे काय? पहिली गोष्ट, जे लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा. १९९१ साली आलेल्या या व्यवस्थेत मराठी, उर्दू, अरबी, इंग्रजी प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. मोबाइलवर आपण जो मराठी किंवा उर्दू निरोप पाठवितो तो युनिकोडच असतो, म्हणून तो समोरच्याला जसाच्या तसा दिसतो. फाँटही आता विकत घेण्याची गरज नाही. राज्य मराठी विकास संस्थेने प्रसिद्ध केलेला यशोमुद्रा आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हे मोफत आहेत व मराठीच्या वळणाचे आहेत. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची ठेवण, तसेच ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील रकाराचा फरक, हा फाँट निवडताना मुद्दाम टाइप करून पाहावा. हिंदीसाठी केलेल्या फाँटात तो कधी कधी बिघडलेला आढळतो.

दुसरी गोष्ट, मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवा. हे समजण्यासाठी डोनाल्ड नुथ या अमेरिकन प्राध्यापकाची हकिकत उपयोगी आहे. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. जुळणी इतकी निकृष्ट होती की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. काही महिन्यांचे काम म्हणून सुरू केलेल्या या उद्योगाला सुमारे दहा वर्षे लागली. त्याचे नाव ‘टेक’. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ते वापरायला सोपे व्हावे म्हणून त्यावर ‘लाटेक’ बांधले. नुथ यांनी हे सर्व मोफत दिले. आपल्या पुस्तकातील प्रत्येक चूक दाखविणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक देण्याची प्रथा त्यांनी पाडली. आपल्या मालात खोट दाखविणाऱ्याला स्वतः पैसे देणारा उत्पादक व्यापाऱ्यांच्या जगात क्वचितच आढळतो, म्हणून त्याची नोंद येथे केली.

लाटेकमध्ये आपण साध्या मजकुराची फाइल लिहितो. ‘हे शीर्षक’, ‘हा तक्ता’, ‘हा अपूर्णांक’ एवढेच आज्ञेने सांगतो. अंतर किती सोडायचे, ओळ कोठे मोडायची, तक्त्याला क्रमांक कोणता द्यायचा, हे सॉफ्टवेअर ठरवते आणि छपाईस तयार पीडीएफ काढून देते. मध्ये एक तक्ता वाढवला तर पुढील सर्व क्रमांक आणि ‘तक्ता अमुक पाहा’ हे सर्व निर्देश आपोआप बदलतात.

याचा फायदा किती, ते जीएसटीच्या उदाहरणावरून कळेल. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी तयार कपड्यांवर नगास एक हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. त्या दिवसापासून अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. ज्यांचे दरपत्रक चाळीस पानांचे आणि प्रत्येक पानाखाली कराची टीप, त्यांना चाळीस ठिकाणी हात घालावा लागला. एखादे पान सुटले तर गिऱ्हाइकाशी वाद. लाटेकच्या फाइलमध्ये ही टीप वर एकदाच ठरवून ठेवता येते आणि खाली सगळीकडे तिचे फक्त नाव घातलेले असते. वरची एक ओळ बदलली की चाळीसही पाने बदलतात.

कोणता एडिटर?

लाटेक हे जुळणीचे यंत्र झाले. त्यात घालायचा मजकूर लिहिण्यासाठी एडिटर वेगळा निवडावा लागतो. बाजारात भाव करताना आपण जशी कापडाची परीक्षा घेतो, तशी पुढील बाबतीत एडिटरची घ्यावी.

एक, तो इंटरनेटशिवाय चालतो का? आपल्या जिल्ह्यात वीज आणि नेट यांचा भरवसा किती, हे आम्ही सांगायला नको. ओव्हरलीफ हा इंटरनेटवर चालणारा एडिटर चांगला आहे. काहीही बसविण्याची कटकट नाही, दोन गावांतील माणसे एकाच फाइलवर काम करू शकतात, आणि आपली फाइल उतरवूनही घेता येते. शिकण्यासाठी तो जरूर वापरावा. पण मोफत खात्यात जुळणीच्या वेळेला मर्यादा आहे, आणि निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवशी नेट गेले तर हात चोळत बसावे लागेल. धंद्याची मूळ फाइल स्वतःच्या संगणकावर हवी.

दोन, मराठी अक्षरे टाइप करताना नीट दिसतात का? काही एडिटरांत जोडाक्षर तुटते, किंवा कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि खोडले जाते दुसरेच. दहा ओळी टाइप करून, मधले अक्षर खोडून पाहिल्याशिवाय कोणताही एडिटर पसंत करू नये.

तीन, उर्दू कशी चालते? उर्दू उजवीकडून लिहायची आणि लाटेकच्या आज्ञा डावीकडून. दोन्ही एकाच ओळीत आल्या की पडद्यावर उलटापालट होते आणि नवशिक्या माणूस गोंधळतो. ईमॅक्स या जुन्या एडिटरने २०१२ साली दुहेरी दिशेची सोय केली. परंतु ईमॅक्स शिकणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. आमची सूचना अशी की उर्दू मजकूर वेगळ्या ओळीवर, वेगळ्या परिच्छेदात लिहावा. पूर्ण उर्दू पत्रक किंवा दावतनामा असेल तर इनपेजच बरे. त्याच्या नंतरच्या आवृत्त्या युनिकोड घेतात, म्हणून जुनी आवृत्ती धरून बसू नये.

चार, चूक कोठे झाली ते सांगतो का? लाटेकमध्ये एक कंस राहिला तरी जुळणी थांबते. एडिटरने ती ओळ दाखवली पाहिजे. पीडीएफवर टिचकी मारली की मूळ फाइलमधील तीच ओळ समोर यावी, ही सोयही मोलाची आहे.

या कसोट्यांवर आमची निवड अशी. अगदी नवशिक्यासाठी टेकवर्क्स : एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पीडीएफ, वर एक हिरवे बटण, बाकी पसारा नाही. रोज काम करणाऱ्यासाठी टेकस्टुडिओ : तक्ता, अपूर्णांक, चिन्हे यांची बटणे तयार मिळतात, चूक ओळीसह दिसते. आज्ञांची ज्याला भीती वाटते त्याच्यासाठी लिक्स : त्यात कागद बराचसा वर्डसारखा दिसतो आणि आज्ञा पडद्याआड राहतात, मात्र त्याची फाइल त्याच्या स्वतःच्या पद्धतीची असते, म्हणून अधूनमधून ती लाटेकमध्येही काढून ठेवावी. ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. चोरीची प्रत वापरण्याचा प्रश्नच येत नाही, आणि हलाल रोजीचा विचार करणाऱ्यांनी हा मुद्दाही लक्षात घ्यावा.

एक खबरदारी. देवनागरी आणि उर्दूसाठी जुळणीचे यंत्र ‘झीलाटेक’ किंवा ‘लुआलाटेक’ निवडावे लागते. एडिटर सुरुवातीला बहुधा ‘पीडीएफलाटेक’वर असतो, त्यात मराठी उमटत नाही आणि माणूस निराश होऊन सर्वच सोडून देतो. ही एक कळ बदलली की काम होते. पूर्ण टेक लाइव्ह अनेक जीबीचे असते. एकाने चांगल्या नेटवरून उतरवून पेनड्राइव्हवर इतरांना दिले तर ते कायद्याने आणि शरिअतनेही चालते, कारण ते देणाऱ्यांनी वाटण्यासाठीच दिले आहे.

आक्षेप आणि उत्तरे

काही बांधव विचारतील, वर्डमध्ये काय वाईट आहे? उत्तर असे की एक-दोन पानांच्या कागदाला काहीच वाईट नाही. एखादे कोटेशन, एक पत्र, एक जाहिरात, यासाठी वर्ड किंवा मोफत मिळणारे लिबरऑफिस पुरेसे आहे. त्यासाठी लाटेक शिकणे म्हणजे रुमाल शिवायला कटिंग मास्टर बोलावणे. परंतु कागद दहा पानांच्या पुढे गेला, त्यात तक्ते आणि गणिते आली, आणि तो दरवर्षी बदलून पुन्हा छापायचा असला, तर वर्डमध्ये एक तक्ता हलविला की दुसरा पानाबाहेर जातो. त्या ठिकाणी लाटेकची मेहनत वसूल होते.

दुसरा आक्षेप, आज्ञा इंग्रजीत आहेत. हे खरे आहे. पण रोजच्या कामाला वीस-पंचवीस आज्ञा लागतात. आपले कारागीर ‘कॉलर’, ‘आर्महोल’, ‘पॉकेट’, ‘इंटरलॉक’ हे शब्द रोज वापरतात आणि मशीनचे इंग्रजी नंबर ओळखतात. वीस शब्द आणखी पाठ करणे त्यांना अवघड नाही. शिवाय एकाने नमुना फाइल तयार केली की दुसऱ्याने फक्त आकडे आणि नावे बदलायची असतात.

तिसरा आक्षेप, छापखानेवाला हे घेणार नाही. तो पीडीएफ घेतो. फाँट पीडीएफच्या आतच बसविलेले असतात, त्यामुळे त्याच्याकडे आपला फाँट आहे की नाही हा प्रश्न उरत नाही. छापखान्याचे काम जाते असेही नाही. त्याने चांगला कागद आणि स्वच्छ छपाई द्यावी, मजकुराची जबाबदारी दुकानदाराने घ्यावी. अशी वाटणी झाली तर चुकीबद्दलची भांडणेही कमी होतील.

चौथी गोष्ट आक्षेप नसून इशारा आहे. सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी ते इमान राखत नाही. लाटेकच्या तक्त्यात रकान्यांची खूण एक जास्त पडली तर सॉफ्टवेअर थांबून सांगते. एक कमी पडली तर गप्प बसते आणि आकडा शेजारच्या रकान्यात जाऊन बसतो. साडेतीनच्या जागी अडीच मीटर टाइप झाले तर कोणताही एडिटर हरकत घेत नाही. म्हणून छापण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने मूळ मापाशी ताडून पाहिलेच पाहिजे. आणि जो जाणूनबुजून ६५ टक्के पॉलिएस्टरचे कापड ‘सुती’ म्हणून सुंदर अक्षरात छापतो, त्याच्यासाठी सूरह मुतफ्फिफीन आहे. माप-तोलात कमी देणाऱ्यांविषयीची ती सूरह प्रत्येक कापड व्यापाऱ्याने अर्थासह वाचावी. कागद देखणा झाल्याने खोटे माप खरे होत नाही.

कारागिराचे ज्ञान

आतापर्यंत दुकानदाराची बाजू झाली. कारागिराची बाजू आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते. आपल्या समाजात शिलाई, रंगाई, विणकाम, भरतकाम यांचे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूकडे पाहा. सुती ताणा आणि रेशमी बाणा असलेले हे कापड, त्याचे नक्षीचे आलेख आणि माग बांधण्याच्या खुणा थोड्या घराण्यांच्या हातात राहिल्या, आणि जसजसे माग बंद पडत गेले तसतसे जाणणारे हातही कमी होत गेले. आमच्या जिल्ह्यातही असे दर्जी आहेत की ज्यांना शेरवानीचा कट, शरारा, शाळकरी मुलीचा कुर्ता यांची मापे तोंडपाठ आहेत. छाती अमुक तर खांदा किती, मुंढा किती, दबाव किती सोडायचा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. ते लिहिलेले कोठेही नाही.

असा उस्ताद गेला की दुकान मुलाकडे जाते, पण गणित कबरीत जाते. त्याने हे सांगावे आणि घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ते लिहून काढावे. तीस पानांची पुस्तिका होईल : मापाची रीत, तक्ते, कटिंगच्या आकृत्या. पुस्तिकेवर उस्तादाचे नाव यावे, कारण ज्ञान ही अमानत आहे आणि ज्याची अमानत त्याचे नाव राहिले पाहिजे. घरबसल्या शिलाई करणाऱ्या भगिनींना आणि बचत गटांना अशी पुस्तिका मिळाली तर गणवेशाचे काम त्या थेट घेऊ शकतील, मध्यस्थाला तोडून द्यावे लागणार नाही. हीच मुले उर्दू शाळेतून मराठी-इंग्रजीकडे वळताना तीन लिप्यांची सवय करून घेतात. अनेकांना ही अडचण वाटते. अशा कामात मात्र ती त्यांची जमेची बाजू आहे.

काय करावे?

आमच्या सूचना थोडक्यात अशा. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी व्यापारी बांधवांनी मिळून एक संगणक आणि एक जाणकार मुलगा किंवा मुलगी ठरवावी. सुटीचे चार रविवार शिकवणी ठेवावी. उर्दू शाळांच्या शिक्षकांनी त्यात पुढाकार घ्यावा. पहिले काम म्हणून गणवेशाच्या कोटेशनचा आणि इयत्तावार मापाचा एक सामाईक नमुना लाटेकमध्ये तयार करावा आणि तो सर्वांना मोफत द्यावा. भाव प्रत्येकाने आपापला भरावा. जुन्या फाँटांतील ज्या फाइली अजून उघडतात, त्या आजच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, कारण तो संगणक किती दिवस चालेल हे कोणी सांगू शकत नाही. प्रत्येक फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, एक दुकानात आणि एक घरी. आणि छापखान्यातून काम करून घेतले तरी पीडीएफबरोबर मूळ फाइलही मागून घ्यावी. ती आपल्या पैशाची आहे.

एडिटर महागडा आहे की नवा आहे, यावर त्याची किंमत करू नये. दहा वर्षांनी आपला मुलगा ती फाइल उघडू शकेल का, वीज-नेट नसताना आपण तिच्यात एक आकडा बदलू शकू का, आणि ऑपरेटर बदलला तरी काम अडणार नाही ना, हे तीन प्रश्न विचारून निवड करावी. गणवेशाचा पुढील हंगाम उन्हाळ्याच्या सुटीनंतर येतोच आहे. त्यापूर्वी एखाद्या तालुक्यात जरी हा नमुना तयार झाला, तर इतरांना मार्ग सापडेल, इन्शाअल्लाह. ज्या बांधवांनी असे काम आधीच सुरू केले असेल त्यांनी आपला अनुभव या पानासाठी अवश्य लिहून पाठवावा.